दवाखान्याच्या दारातला म्हाळू

एका गावात एक भोळा म्हाळू होता. गाव करंजवण. तिथे सरकारी दवाखाना आला आणि त्याच्या दारावर म्हाळूला उभं केलं. सरपंच तात्या त्याचे सख्खे मामा. दुसरा माणूस मिळाला नाही, असं तात्या म्हणत. शोधला मात्र नव्हता.

त्याआधी म्हाळू म्हशी राखायचा. म्हशी त्याला काही विचारत नसत. दवाखान्यात माणसं विचारू लागली, "म्हाळूशेठ, आत जाऊ का?" म्हाळूला दवाखाना जिवापेक्षा प्यारा झाला.

नर्सबाईंनी बजावलं, "ओळखपाळख चालायची नाही. येईल तो रांगेत."

थोड्या वेळाने गोविंदा कोष्टी बोंबलत आला. पायाला विंचू डसला होता. म्हाळूने त्याला रांगेच्या टोकाला धाडलं. पुढे सगळे खोकलेवाले. गोविंदा मागे एका पायावर नाचत राहिला.

नर्सबाई धावत आल्या. "अरे शहाण्या, असा कुणी ओरडत आला तर त्याला आधी आत घ्यायचं!"

"हात्तिच्या! मग तसं सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी पोरांना लस टोचायची होती. पोर हसत आत जायचं आणि भोकाड पसरून बाहेर यायचं. ओरडणारा आधी आत. म्हाळूने पोर उचललं आणि परत आत नेऊन ठेवलं. रांगेतल्या बाया उभ्या त्या उभ्याच.

"त्याला टोचलंय रे!" नर्सबाई किंचाळल्या. "आतून बाहेर आला की घरी धाडायचं!"

"हात्तिच्या! मग तसं सांगायचं की."

तेवढ्यात डॉक्टर चहा प्यायला बाहेर आले. परत निघाले तर म्हाळू आडवा.

"घरी जा."

"अरे, मी डॉक्टर!"

"आतून बाहेर आलात ना? मग घरी."

डॉक्टर नवे होते, भिडस्त होते. गेले.

मग तात्याच काठी घेऊन आले. "म्हाळ्या, डॉक्टर बाहेर दिसला की हाताला धरून आत न्यायचा. खुर्चीत बसवायचा. रांग संपेपर्यंत उठू द्यायचा नाही."

"डॉक्टर ओळखायचा कसा, मामा?"

"गळ्यात रबरी नळी असते तो. आणि ऐक. उद्या जिल्ह्याचे साहेब येणार. कारभार पटला तर दवाखाना राहील. नाही पटला तर जाईल पलीकडच्या गावाला. मग तू आणि तुझ्या म्हशी."

म्हाळू रात्रभर "रबरी नळी, रबरी नळी" घोकत राहिला.

सकाळी नर्सबाई वस्तीवर गेल्या. तात्या आणि डॉक्टर हार घेऊन फाट्यावर गेले. साहेब मात्र आडवाटेने आले, साध्या कपड्यात, खरा कारभार बघायला. म्हाळूने त्यांना रांगेत लावलं. साहेब मनातून खूश झाले.

आत डॉक्टर नव्हता. म्हाळू शोधायला निघाला. रस्त्याने बाबूलाल चालला होता. तो गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. त्याच्या गळ्यात रबरी नळी. म्हाळूने त्याला धरून आणलं, खुर्चीत दाबलं. सरकारी काम दिसतंय, असं समजून बाबूलाल हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला.

साहेबांची पाळी आली. "पोटात कळा येतात," साहेब मुद्दाम म्हणाले.

"सदरा वर करा." बाबूलालने पोटाला साबणाचा फेस फासला आणि टक लावून बघत बसला. "फुगा येत नाही. म्हणजे गळती नाही. वॉशर गेलाय. आडवे व्हा." आणि त्याने पिशवीतून पाना काढला.

साहेब उसळले. "मी जिल्ह्याचा साहेब आहे! अरे, कोण आहे दारावर? आत्ताच्या आत्ता या दवाखान्याला टाळं ठोक!"

साहेबांचा पहिलाच हुकूम. मोडून कसं चालेल? म्हाळूने बाहेरून दार ओढलं, टाळं ठोकलं आणि हिसका देऊन बघितलं.

आतून साहेब बोंबलू लागले. "उघड रे! हा पाना घेऊन अंगावर येतोय!"

तात्या आणि डॉक्टर धापा टाकत फाट्यावरून आले. डॉक्टरांच्या गळ्यात नळी नव्हती, हातात हार होता. म्हाळूने दोघांना रांगेत लावलं. मग दाराला तोंड लावून तो समजुतीने म्हणाला,

"साहेब, उगाच ओरडू नका. ओरडणाऱ्याला आम्ही आधी आत घेतो. तुम्ही तर आतच आहात की!"