सगळ्याच नव्या

फार पूर्वी एका गोठ्यात अशी रीत होती, की पहाटे कोंबड्याने नाव घेऊन हाक मारल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हाकेला जो उठणार नाही, त्याची वैरण बंद.

त्या गोठ्यात एक सांडणी, म्हणजे स्वारीची उंटीण, आली.

"तुझं नाव नवी," कोंबडा म्हणाला. "आमच्याकडे येईल ती नवीच."

"आणि उद्या माझ्यामागून कुणी आली तर?"

"तुला कुणी अक्कल विचारली?"

पहाटे कोंबडा ओरडला, "नवी, ऊठ!" घोडी उठली, शेळी उठली, कोपऱ्यातली दात पडलेली म्हैससुद्धा धडपडत उठली. तिघी एकदमच दारात घुसल्या आणि तिथेच अडकल्या. सांडणी मात्र जागची हलली नाही.

"बहिरी आहेस का? वैरण बंद!"

"खुशाल बंद करा. उपाशी राहायची मला सवय आहे. मी सांडणी आहे. त्या नावाने हाक मारा, लगेच उठते."

कोंबड्याने दाराकडे पाहिलं. तिथून कुणालाच बाहेर पडता येईना. शेवटी तो पुटपुटला, "सांडणी, ऊठ."

सांडणी उठली.

तेवढ्यात म्हातारी म्हैस दारातच फतकल मारून बसली.

"ए कोंबड्या," ती म्हणाली, "आता मला म्हैस म्हण. तोवर मी इथून हलत नाही."