उलाळ

“...पण ओढते ना ती पिकअप? तेवढंच सांगा, बाबा. हो की नाही?”

दर्ग्याच्या ओट्यावर बसून लतीफबाबा बशीतल्या चहाकडे पाहत होते. चहाची वाफ वर जात होती आणि धुक्यात मिसळत होती. वाफ कुठं संपते नि धुकं कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं.

भाद्रपद सरत आला होता. घाटाच्या मधल्या वळणावरचा तो लहानसा दर्गा, समोरचा रस्ता, रस्त्यापलीकडची दरी, सगळं पांढरं झालं होतं. मधूनच एखाद्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा. ट्रक काही दिसायचा नाही.

प्रश्न विचारून मुकुंद सबनीस अजून उभेच होते. वय एकसष्ट. छत्तीस वर्षं यंत्रांचे आराखडे काढून निवृत्त झालेले. आपल्या आराखड्यात कधी चूक सापडली नाही, असं ते सांगत. सांगताना आवाज जरा चढत असे.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या पत्नी नलिनीबाई बसल्या होत्या. चपला चिखलानं भरल्या होत्या. घाटातले दोन किलोमीटर त्या पायी उतरून आल्या होत्या.

झालं होतं असं.

नलिनीबाईंनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कच्छचं रण कुठं, चिल्का सरोवर कुठं, हे नकाशावर बोट ठेवून हजारो मुलांना दाखवलं, पण स्वतः त्यातलं काही पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर सगळा देश सावकाश पाहायचा, ही इच्छा त्यांची. सबनीसांनी मग मध्यम आकाराची पिकअप घेतली आणि तिच्यामागे जोडायला स्वतःच्या आराखड्याप्रमाणे कॅरॅव्हॅन बांधून घेतली. चाकांवरचं घरच ते. दोन पलंग, छोटा ओटा, दोन्ही बाजूंना खिडक्या. “हिच्यासाठी केलं हे सगळं,” असं ते भेटेल त्याला सांगत.

घर सोडून आज तिसरा दिवस. सकाळी घाट उतरताना कॅरॅव्हॅन आधी हळूच डोलली. मग आणखी. मग शेपूट हलवावं तशी पिकअपला डावीकडे, उजवीकडे खेचू लागली. सबनीसांनी ब्रेक दाबला तर ती जास्तच उसळली. सगळं थांबलं तेव्हा दरीचा कठडा हातभर अंतरावर होता.

नलिनीबाईंनी दार उघडलं, खाली उतरल्या आणि एक शब्द न बोलता धुक्यात चालू लागल्या.

सबनीसांनी दोन हाका मारल्या. मग गाडीचे लुकलुकणारे दिवे लावले आणि पावलाच्या वेगानं त्यांच्या मागोमाग निघाले. पुढे निळी साडी दिसे, नाहीशी होई, पुन्हा दिसे. इंजिनाचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा. आपण गाडी चालवतच नाही, कुणीतरी दोरीनं आपल्याला खाली उतरवतंय, असं त्यांना वाटत राहिलं. किती वेळ चाललं ते, कुणास ठाऊक.

दर्ग्यापाशी नलिनीबाई बसल्या. म्हणाल्या, “मी एसटीनं घरी जाते.”

दर्ग्याशेजारच्या चहावाल्यानंच बाबांना विचारायचं सुचवलं होतं. बाबा फकीर होण्याआधी चाळीस वर्षं लांबलचक ट्रेलर ओढत होते. घाटात कुणाची गाडी अडली तर ड्रायव्हर त्यांनाच विचारतात. तुम्ही विचारा.

“कंपनीच्या पुस्तकात छापलंय,” सबनीस म्हणाले. “तीन टन ओढते. माझी कॅरॅव्हॅन सगळं भरून दोन टन शंभर किलो. म्हणजे नऊशे किलोची सवड आहे. हे हिला तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही.”

बाबांनी चहा प्यायला. बशी खाली ठेवली.

“पाठीवर किती घेते?”

“काय?”

“ओढते तीन टन. पाठीवर किती घेते?”

सबनीस हसले. या प्रश्नाची ते वाटच पाहत होते. खिशातून वही निघाली.

“पाचशे किलो. दारावरच्या पट्टीवर लिहिलंय. आम्ही दोघं, मागच्या हौद्यात जनरेटर, बॅटऱ्या, हत्यारं, मिळून साडेतीनशे. उरले दीडशे. आता कॅरॅव्हॅनचा पुढचा दांडा पिकअपच्या मागच्या गोळ्यावर टेकतो. त्याचा भारही पाठीवरच धरायचा. तो येत होता दोनशेच्या वर.” ते क्षणभर थांबले. “मी तो पंचेचाळीसवर आणला.”

“कसा?”

“माझं लोखंड कातायचं लेथ मशीन आणि पाण्याची टाकी, दोन्ही पार मागच्या भिंतीला नेली. मागं वजन गेलं, दांडा हलका झाला. सगळे आकडे बसले.”

“बसले?”

“अगदी बरोबर.”

बाबांनी रिकामी बशी जरा बाजूला सारली.

“हिशोबात चूक नाही, बाबा.”

“नसेल.” बाबा उठू लागले. गुडघे धरले होते. “चला, बघू.”

त्यांनी सबनीसांच्या खांद्यावर हात टाकला आणि अंगाचा भार दिला. सबनीस पुढे, बाबा मागे. धुकं इतकं दाट की वीस पावलांवरची कॅरॅव्हॅन ढगाच्या तुकड्यासारखी रस्त्याकडेला थबकलेली वाटत होती. खांद्यावरचा हात जड होता, उबदार होता. सबनीसांना त्याचा त्रास झाला नाही. उलट चालताना बरं वाटत होतं.

निम्म्या वाटेवर तो भार कमी झाला. मग नुसती बोटं टेकल्यासारखी वाटली. मग तीही आहेत की नाहीत, समजेना.

सबनीस थांबले. मागे वळून पाहिलं.

“काय झालं?” बाबा तिथंच होते.

“काही नाही. तुम्ही आहात की नाही, कळेना.”

“पडलो का मी?”

“नाही... पण कळेना. म्हणून पाय अडला.”

बाबा पुन्हा भार देऊन चालू लागले.

कॅरॅव्हॅनच्या चाकांना दगड लावले. जोड सोडवला. सबनीसांनी वाकून दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कमरेपर्यंत सहज उचलून दाखवला. एवढं सगळं होऊनही त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

“बघा. या वयात उचलतोय.”

बाबा दांड्याकडे पाहत राहिले.

“माझा बाप बैलगाडी हाकायचा,” ते म्हणाले. “कुणी पोती मागं रचली की जू वर उठायचं. बैलांचे गळे आवळायचे. उलाळ झाली म्हणायचा बाप. बैलांना पाठ हलकी वाटायची, पण श्वास घेता यायचा नाही.”

सबनीसांच्या हातात दांडा तसाच होता.

“मग काय करायचे?”

“काय करणार? गाडी थांबवायचा. पोती उतरवायचा.”

“पुढं सरकवायचा ना?”

“जी बसायची ती.”

सबनीसांनी दांडा खाली ठेवला. मागं वजन जास्त झालं म्हणूनच कॅरॅव्हॅन डोलली होती. वही उघडली, बराच वेळ पाहिली. टाकी पुढे घेतली तर दांडा जड होतो, पाचशेची रेघ ओलांडली जाते. लेथ पुढे घेतलं तर तेच. ते नुसतं सरकवून सुटणारं गणित नव्हतं. हे त्यांना घरी असतानाच कळलं होतं. त्या वेळी त्यांनी पान उलटलं होतं.

“लेथ सोडून नाही जाता येणार,” ते एकदम म्हणाले. कुणी तसं म्हटलंही नव्हतं. “तीस वर्षं आहे माझ्याकडे. एकशे चाळीस किलोचं आहे, मान्य. पण त्याच्याशिवाय मी तिथं दिवसभर करू काय?”

“कुठं?”

“कुठंही! त्या रणात, त्या सरोवराकाठी... काय करू मी?”

धुक्यातून पावलं वाजली. नलिनीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“मला वाटलं होतं, बघाल,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“जे असेल ते. माझ्याबरोबर.”

सबनीसांनी वही मिटली.

“माझी तारे बघायची दुर्बीण स्टँडसकट चौदा किलोची होती,” नलिनीबाई सावकाश म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर सबनीसांना सोपं गेलं असतं. “वजनात बसत नाही म्हणालात. मी ठेवली घरी. तुमचा आकडा बरोबरच असणार, असं मला वाटलं.”

कुठंतरी वरच्या वळणावर एक ट्रक गिअर बदलत गेला. आवाज बराच वेळ हवेत राहिला.

सबनीस कॅरॅव्हॅनच्या दाराशी गेले. आत जाऊन उभे राहिले. लेथवर हात ठेवला. लोखंड गार होतं, आत शिरलेल्या धुक्यानं ओलसर झालं होतं. कठड्यापाशी नलिनीनं आपला दंड घट्ट धरला होता आणि मग हळूच सोडून दिला होता, ते त्यांना आत्ता आठवलं. धरण्यापेक्षा ते सोडणं जास्त आठवलं.

खाली उतरून त्यांनी टाकीचा नळ उघडला.

दोनशे लिटर पाणी रस्त्याकडेच्या गवतात शिरू लागलं. तिघंही ते पाहत उभे राहिले. पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता, जणू डोंगरातून कुठूनतरी ओढा निघाला आहे.

चहाला थांबलेल्या दोन ड्रायव्हरांनी आणि चहावाल्यानं हात लावला. लेथ उतरलं, जनरेटर उतरला. बाबांनी दर्ग्याच्या मागची पडवी दाखवली. तिथं आधीच बरंच काही होतं. लोखंडी कपाट, शिलाई मशीन, एक मोठा पितळी हंडा, लग्नातली असावी अशी खुर्ची. सगळ्यांवर धुकं उतरलं होतं.

“कुणाचं हे?” सबनीसांनी विचारलं.

“घाट चढणाऱ्यांचं. उतरणाऱ्यांचं.”

“परत नेत नाहीत?”

“येतात काही जण. बघतात, चहा पितात, जातात.”

लेथ त्या खुर्चीशेजारी ठेवलं गेलं. सबनीसांनी खिशातला रुमाल काढून त्यावरचं पाणी पुसलं. मग रुमाल तिथंच टाकला.

परत येऊन त्यांनी दांडा उचलायला हात घातला. दांडा हलला नाही. पाय रोवून पुन्हा जोर लावला. कमरेतून कळ गेली, पण दांडा जमिनीला जडल्यासारखा जागेवरच. शेवटी जॅकनं उचलून तो पिकअपच्या गोळ्यावर उतरवावा लागला. जोड बसला तसा आवाज झाला आणि पिकअपचा मागचा भाग चार बोटं खाली गेला.

नवी कोरी गाडी. सबनीस वाकून मागच्या चाकांकडे पाहू लागले.

“दबली,” ते म्हणाले.

“हं.”

त्यांनी वहीत बेरीज केली. दांडा जड झाला होता, पण जनरेटर उतरला होता. चारशे पंच्याहत्तर. पाचशेच्या आत. पुन्हा केली. तेवढीच आली. या वेळी त्यांनी ती कुणाला दाखवली नाही.

नलिनीबाई जोडापाशी गेल्या. खाली वाकून त्यावर तळवा ठेवला, जरा दाबून पाहिला. मग बाबांकडे वळल्या.

“बसू का मी?”

“मी कोण सांगणारा, बाई?” बाबा म्हणाले. “पुढच्या वळणावर गाडी थांबवायला जागा आहे. भीती वाटली तर उतरा. हे थांबतील.”

“थांबाल?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

सबनीसांनी मान डोलावली.

नलिनीबाईंनी चहावाल्याकडून तांब्याभर पाणी घेतलं, चपला धुतल्या, पाय धुतले. घाई केली नाही. मग दार उघडून पिकअपमध्ये बसल्या आणि पट्टा ओढून घेतला.

सबनीसही चढले. किल्ली फिरवली. समोर रस्ता दहा पावलं होता, पुढं सगळं पांढरंच. त्यांनी काच खाली केली. बाबा खिडकीपाशी येऊन उभे होते, एक हात छपरावर टेकून.

“बाबा... किती वेगानं जाऊ?”

बाबांनी आत वाकून नलिनीबाईंकडे पाहिलं.

“ह्यांचा डोळा लागेल, तेवढ्यानं.”