मिर्टोची मान

फार फार जुन्या काळी, ग्रीस देशातल्या एका डोंगरावर अश्वमानवांची वस्ती होती. कमरेच्या वर माणूस आणि कमरेच्या खाली घोडा, अशी ही मंडळी. माणसासारखी हसायची, भांडायची आणि घोड्यासारखी दौडायची. बाकी त्यांचं सगळं ठीक होतं, पण लेकरू वाढवणं म्हणजे मोठी परीक्षा! का म्हणाल, तर त्यांचं पोर जन्मलं की घटकाभरात शिंगरासारखं चार पायांवर उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी उड्या मारायचं. वरचं अंग मात्र पडलं माणसाच्या बाळाचं. ते तीन-चार महिने मानसुद्धा धरायचं नाही. म्हणून वस्तीची रीतच होती. बाळानं मान धरेपर्यंत त्याच्या पायांत सैल दोरी बांधायची आणि चालवताना कुणीतरी मानेखाली हात ठेवायचा.

त्या वस्तीत थेरोन आणि आग्लाया हे जोडपं राहत होतं. पुष्कळ वर्षं वाट पाहून त्यांना एक लेक झाली. तिचं नाव मिर्टो. मोठी गोड पोर, कुणी नुसतं तोंडाकडे पाहिलं तरी खुदकन हसायची. थेरोनचा तर तिच्यावर भारी जीव. पण त्याला एक खोड होती. आपल्या गोष्टीची चारचौघांत फुशारकी मारल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

वसंतात डोंगराच्या पायथ्याशी जत्रा भरली. खालच्या गावची माणसं आपली घोडी आणि शिंगरं घेऊन आली. त्यांत दामोन नावाचा एक घोडेवाला होता. तो मिर्टोकडे बघून म्हणाला, "काय हो थेरोन, तुमची पोर आणि माझं शिंगरू एकाच वयाचं. माझं बघा कसं उधळतंय! तुमची अजून बांधलेलीच? पायांत काही खोट आहे का?"

लोक फिदीफिदी हसले. थेरोनला ते फार झोंबलं.

"अहो, तिकडे लक्ष नका देऊ," आग्लाया म्हणाली. "बोलणाऱ्याचं काय जातंय? मी झऱ्यावरून पाणी घेऊन येते. तोवर तिच्या मानेखालचा हात काढू नका."

"काढीन कशाला? बाप आहे मी तिचा," थेरोन म्हणाला.

आग्लाया गेली. दामोन पुन्हा म्हणाला, "राहू द्या हो. खोट असली तर कशाला लाजवायचं पोरीला?"

झालं! थेरोनचं डोकं फिरलं. "लावा शर्यत!" म्हणत त्यानं वाकून मिर्टोच्या पायांतली दोरी सोडली. आता तो काही दुष्ट बाप नव्हता, हे आधी सांगतो. त्यानं मनाशी ठरवलं होतं, की आपण तिच्या बाजूनंच धावायचं आणि मान तळहातावर धरून ठेवायची. तेवढं त्याला सहज जमलंही असतं.

मिर्टो आणि शिंगरू शेजारी शेजारी सुटली. आयुष्यात पहिल्यांदा पाय मोकळे झालेले! पोरगी खिदळत धावत होती. थेरोन बाजूनं धावत होता, हात मानेखाली होता. मैदान संपता संपता मिर्टोनं शिंगराला मागे टाकलं. जत्रेतल्या लोकांनी एकच गिल्ला केला. दामोनचं तोंड पडलं. ते पाहिलं आणि थेरोनचं भान हरपलं. "बघा, बघा माझी पोर!" असं ओरडत त्यानं दोन्ही हात वर केले.

हो, दोन्ही हात! मिर्टोला तर थांबायचं कसं हे ठाऊकच नव्हतं. समोर एक ओहळ होता. तिच्या पायांनी तो सहज ओलांडला. पलीकडे खूर टेकले आणि मानेला जोराचा हिसका बसला. पोर जागच्या जागी कोसळली. बापानं धावत जाऊन तिला उचललं. चारही पाय धडधाकट होते, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. श्वास मात्र थांबला होता.

मघाशी ओरडणारे लोक हळूहळू पांगले. दामोननंही मान खाली घालून शिंगरू तिथून नेलं. त्या एवढ्या मोठ्या मैदानात थेरोन लेकीला कुशीत घेऊन एकटाच बसून राहिला.

आग्लाया पाणी घेऊन आली. तिनं सगळं पाहिलं. लेकीला तिनं आपल्याकडे घेतलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि नवऱ्याला एवढंच विचारलं,

"जिंकलात का हो?"

थेरोन पुढे पुष्कळ वर्षं जगला. पण चारचौघांत फुशारकी त्यानं पुन्हा कधीच मारली नाही.

तात्पर्य: लेकराचं एक अंग भराभर वाढलं, म्हणून सगळं लेकरू मोठं झालं असं होत नाही. लोकांत मिरवण्यासाठी त्याला घाईनं पळवाल, तर तुमच्या हौसेची किंमत ते लेकरूच मोजेल.