माणकांची डाळिंबे

एका राज्यात झाडांना फळांऐवजी रत्ने लागत. डाळिंब फोडावे तर आत माणके, आवळा तोडावा तर पाचू. कालजंघ नावाच्या मांत्रिकाने राजा सुधन्व्याला दिलेला हा वर. राजाने कोठारे भरली, प्रजेने नाचून घेतले. फळांची आठवण कोणी काढली नाही.

राजकन्या इरावती तेव्हा आजोळी होती. वर्षाने परतली, ती वेशीपाशीच दचकली. माणसे भिंतीकडे तोंड करून बसलेली. एक सोनार तराजू हातात धरून रडत होता. तोलायचे कसे, हेच त्याला आठवेना.

ती धावत दरबारात गेली. राजाने तिच्याकडे पाहून प्रधानाला विचारले, "ही कोण?"

प्रधानाने सेनापतीकडे पाहिले. सेनापतीने छताकडे. भर दरबारात एकालाही सांगता येईना.

"बाबा, मी इरावती! आईसाहेब कुठे आहेत?"

"कोण आईसाहेब? हाकला हिला!" राजा खेकसला.

इरावती बागेत येऊन मटकन खाली बसली. तोच उंबरावरचा धनेश पक्षी बोलला, "राजकन्ये, हा वर नव्हे, शाप आहे. पोटात फळ गेले नाही, म्हणून मने कोमेजली, बुद्धी मंदावली. तीन कामे कर. मांत्रिकाच्या मळ्यातून खरे फळ आण. ते राजाला स्वतः भरव. मग राजाने आपल्या हाताने एक रत्न मातीत पुरावे."

"मांत्रिकाच्या मळ्यात फळे आहेत?"

"तो रोज खातो. मीही तिथेच चरतो."

इरावती उठली आणि धनेशामागून मळ्याकडे निघाली.

मळ्याच्या दारात अजगराचा पहारा होता. तिने गळ्यातला रत्नहार त्याच्यापुढे टाकला. अजगर हारावर वेटोळे घालून बसला. आत कालजंघ अंजिरे खात होता.

"मूढ प्रजेवर राज्य करणे सोपे असते," तो हसून म्हणाला आणि त्याने मंत्रदंड उचलला. धनेशाने झडप घालून दंड चोचीत पळवला. इरावतीने ओटीभर सीताफळे तोडली.

ती फळे घेऊन दरबारात परतली. राजाने तिचा हात झिडकारला. तिने पुन्हा घास पुढे केला. दुसरे फळ संपता संपता त्याची नजर निवळली. "इरा?"

मग तिच्या सांगण्यावरून राजाने बागेत जाऊन स्वतः माणिक पुरले. धरणी हादरली. रत्ने तडकली, कोठारांतून रसाचे पाट वाहिले, ते पिऊन प्रजा भानावर आली आणि मळ्यात कालजंघाचे वाळके खोड झाले.

तेवढ्यात राजा किंचाळला, "राणी! तिला मी चोर म्हणून तळघरात कोंडले!"

राजा अनवाणी धावला. त्याने स्वतः कुलूप उघडले. राणी अंग चोरून कोपऱ्यात सरकली.

"तुम्ही कोण?"

राजाला हुंदका आवरेना. तो जमिनीवर बसला आणि इरावतीच्या ओटीतल्या सीताफळाची एकेक बी काढून गर तिला भरवू लागला. इरावती दारात उभी राहून बघत होती. बऱ्याच वेळाने राणीने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"अहो, केस कधी पिकले तुमचे?"

राजाने तिला हात धरून बाहेर उजेडात नेले. पुढे त्या राज्यात डाळिंबांत दाणेच निघाले, आणि तळघराला पुन्हा कुलूप लागले नाही.