केळ्याचा वास

"पण माझ्याच पेशींनी माझ्यावर का उठावं, बुवा?"

केतकीबाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मठाच्या पायरीवर त्या टेकल्या, तेव्हा त्यांच्या डाव्या चपलेचं टोक फरफटून झिजलेलं दिसलं.

धोंडूबुवा मधमाश्यांच्या पेटीसमोर बसले होते.

"कसल्या पेशी?"

"रक्तातल्या. पहारेकरी म्हणा. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरीवर असतं तसं. त्यातली प्रथिनं कुठल्याशा विषाणूसारखी दिसतात म्हणे. म्हणून हे पहारेकरी माझंच आवरण कुरतडतात. हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलंय."

"मग मला का विचारतेस?"

"डॉक्टर म्हणतात, त्यांना शांत ठेवायचं औषध घ्या. कायमचं. मी नाही म्हणून आले. गद्दारांना काय जन्मभर थोपटत बसू?"

बुवांनी शेजारच्या मडक्यातली गोवरी काडीने सारखी केली.

केतकीबाई वैतागल्या. बुवांसाठी आणलेल्या फणीतलं एक केळं सोलून त्यांनी पुढे केलं. "निदान हे तरी घ्या."

बुवांनी केळ्याकडे पाहिलं. पेटीकडे पाहिलं. आणि घास घेतला.

पेटीतून माश्या उसळल्या. एक बुवांच्या कानाला चावली, एक ओठाला.

"अहो, तुम्हीच पाळता ना यांना?"

"मीच."

"मग?"

"धोका दिसला की या एक वास सोडतात. केळ्यासारखा. तो आला की सगळ्या धावतात."

"ठाऊक असून खाल्लंत?"

"तू दिलंस."

"मारून टाका सगळ्या."

"आणि मुंगळे आले की मधाची राखण तू करशील?"

केतकीबाईंनी डावा पाय हातानेच उचलून जवळ घेतला.

बुवांनी धुमसत्या गोवरीचं मडकं त्यांच्यापुढे सरकवलं.

"फुंक."

त्यांनी फुंकर घातली. धूर पेटीभोवती पसरला. माश्यांचा आवाज उतरत गेला. एकेक करून त्या आत शिरल्या.

केतकीबाईंनी मडकं खाली ठेवलं.

"आणि धूर विरला की?"

बुवांचा ओठ आता चांगलाच सुजला होता.

"पुन्हा फुंकायचं. यात रागावण्यासारखं काय आहे?"