चाळीस रुपयांची सायकल आणि राजाची उंच सीट

“चाळीस रुपयांत अशी सायकल आण, जी माझ्या चारशेच्या विलायती सायकलीला घाटात मागं टाकील! टाकलंस, तर डाकेची नोकरी तुझी. हरलीस, तर तुझी सायकल सरकारजमा!”

भैरवदऱ्याचे राजे रणधीरराव एकदा बोलले की बोलले. मग त्यांना समजवायला जाणं म्हणजे घाटाला सरळ हो म्हणण्यासारखंच.

दरबार खो खो हसला. समोर उभी होती हौसा, पागेतल्या धोंडी नालबंदाची लेक. घाटापलीकडच्या स्टेशनावर डाक पोचवणारा म्हातारा आता थकला होता आणि त्याची जागा तिला हवी होती. शेण्या थापून विकून तीन वर्षांत तिनं मोजून चाळीस रुपये साठवले होते. हरली, तर नोकरी गेली आणि सायकलही गेली!

“बरं महाराज,” हौसा म्हणाली, “पर त्याआधी तुमची सायकल बघू का?”

“बघ की! बघायला पैसे पडत नाहीत.”

हौसानं ती चकचकीत सायकल खालून वर न्याहाळली. सीट बघता बघता तिची मान दुखली.

“कारभारी, सीट येवढी उंच का वो?”

“अगं, राजाचं आसन रयतेहून उंचच हवं!” कारभारी मिशीवर हात फिरवत म्हणाले. “पणजोबा महाराजांपासूनचा रिवाज आहे. सिंहासन असो, मेणा असो, नाहीतर सायकल!”

हौसा गालातल्या गालात हसली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

पोपटशेट सायकलवाल्यानं तिला हेरलंच. “ये, ये! ही बघ, लालभडक! दोन घंट्या, पुढं दिवा, मागं कॅरिअर, वर गोंडे. तुझ्यासाठी अडतीस!”

हौसानं ती उचलून बघितली आणि धपकन खाली ठेवली. “शेट, घाटात ही मला न्यायची, का मी हिला?”

कोपऱ्यात एक जुनी सायकल धूळ खात पडली होती. रंग उडालेला, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. बदली होऊन गेलेला कुणी साहेब ती मागं टाकून गेला होता. हौसा दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली. पाय टेकले. सीटवर बसून तिनं टाच पायडलावर ठेवली. टाच पोचली. मग चाक उचलून गरकन फिरवलं. ते कुठंही न डुलता फिरत राहिलं.

“अगं, ते भंगार आहे!” पोपटशेट कळवळला.

“बा म्हणतो, नाल खुराच्या मापाचा बघावा, चकाकी बघू नये. बोला, किती?”

सौदा सत्तावीसला ठरला. उरलेल्या तेरा रुपयांत नवे टायर, ब्रेकची रबरं आणि चेन आली. घंटीला मात्र दमडी उरली नाही.

शर्यतीच्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी जत्राच लोटली. महाराज टेचात पुढं निघाले. पण पायडल खाली गेलं की पाय पुरेना! महाराज एकदा डावीकडं कलत, एकदा उजवीकडं. दुसऱ्या वळणावर मागून आरोळी आली, “बाजू, महाराज, बाजू!” आणि काष्टा घट्ट खोचलेली हौसा सर्रकन पुढं गेली.

माथ्यावरच्या भैरोबाच्या देवळापाशी महाराज पोचले, तेव्हा ते सायकलीवर नव्हते. सायकल हातात धरून धापा टाकत होते. हौसा केव्हाच पाणी पिऊन बसली होती.

मागून घोड्यावर आलेले कारभारी ओरडले, “घात झाला! घाटभर ही पुढं होती, म्हणजे वर होती! हिची सीट महाराजांहून उंच राहिली! रिवाज मोडला, महाराज! सायकल जप्त करा!”

हरलेल्या महाराजांना आधार सापडला. “बोल, हौसा! गुन्हा कबूल?”

हौसानं आपल्या सायकलीकडं पाहिलं. तीन वर्षांची कमाई समोर उभी होती. पण जीभ काही डळमळली नाही.

“कबूल, महाराज! पर त्यो रिवाजानंच करायला लावला. सीट उंच, म्हणून तुमचं पाय पोचंनात. पाय पोचंनात, म्हणून तुम्ही मागं. आन् घाटात जो मागं, त्यो खाली! सीट चार बोटं उतरवा, महाराज. तुम्ही पुढं जाल. मग घाटात तुमच्याहून उंच बसायची कुणाची छाती हाय?”

महाराजांनी पाना मागवला, स्वतः सीट चार बोटं उतरवली आणि देवळाला एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला ते एवढे हसले की सायकल भिंतीवर जाता जाता वाचली!

“पणजोबांनी सायकल चालवली असती, तर रिवाज त्यांनीच बदलला असता! हौसा, नोकरी तुझी. वर बक्षीस म्हणून ही चारशेची सायकलही घे!”

“नगं महाराज, ती तुमच्या मापाची. द्यायचीच तर मला एक घंटी द्या.”

“घंटी? बस? आणि ती कशाला? उद्यापासून घाटात मी पुढं असणार!”

“म्हणूनच की, महाराज!” हौसा म्हणाली. “रोज रोज ‘बाजू’ म्हणून वरडू किती?”

महाराजांच्या हसण्यानं देवळावरची कबुतरं उडाली. दुसऱ्या दिवशी हौसाच्या खाली वळलेल्या हँडलावर चांदीची घंटी चमकत होती, आणि घाटात ती सगळ्यात जास्त कुणासाठी वाजायची, ते अख्ख्या भैरवदऱ्याला ठाऊक होतं!