हैबतीतात्यांची रेघ

आपल्या आज्यांच्या आज्या रांगत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. बोरखडीत हैबती नावाचा हुतूतूचा गडी होता. दम धरून तो समोरच्या गड्यांत शिरला की झाडावरचे पोपट गप्प व्हायचे. नदीच्या ह्या काठाला हुतूतू सुरू करायचा आणि दम न सोडता पलीकडच्या काठाला शिवून यायचा, असं म्हणतात.

तोवर सगळे आपापल्या गावासाठीच खेळायचे. पोटासाठी खेळणारा हैबती पहिला. जत्रेजत्रेतून त्याला बोलावणं यायचं. न्यायला छकडा, वर फेटा, चांदीचं कडं, पोतंभर ज्वारी. "खेळ विकतो मेला!" असं म्हणणारेच पुढं बसून टाळ्या पिटायचे. मग एका जत्रेत समोरच्या सगळ्या गड्यांनी मिळून त्याचा पाय धरला आणि गुडघा गेला. त्या दिवशी छकडा त्याला घरी सोडून गेला, तो पुन्हा आला नाही.

गावानं मात्र त्याला टाकलं नाही. देवळामागचं पटांगण दिलं आणि म्हटलं, "तात्या, आमच्या पोरांना शिकवा." हैबतीचे हैबतीतात्या झाले ते तेव्हापासून.

पटांगणाला लागूनच येसूचं घर. तिची दोन लेकरं गेलेली. तिसरी धोंडी, अजून पाळण्यातली, तिला डांग्या खोकला लागला. वैद्याचं औषध चालू होतं. पण उबळ आली की पोर निळी पडायची, आणि येसू ऊर बडवून ओरडायची. मग पोर आणखीच घाबरायची. ती झोपली तरी येसू तिच्या नाकापुढं बोट धरून बसायची. येसूला घास गिळवत नव्हता.

तात्या कुंपणापलीकडून हे बघत होते. एका सकाळी लंगडत दारात आले.

"येसू, पोरीला घे नि पटांगणात चल."

"तिला श्वास पुरेना तात्या, आणि खेळायला कुठं नेता?"

"तिला कोण खेळवतंय? खेळायचंय तुला. तुझ्या छातीला असते ती. तू भ्यालीस की तिला कळतं. आधी तुझा दम बसवू."

तात्यांनी पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला काठीनं रेघ ओढली. येसूनं पदर खोचला, पोरीला उराशी बांधलं आणि एका दमात हुतूतू म्हणत रेघेकडं चालू लागली. पटांगणाखालच्या पाणवठ्यावरच्या बायांना हसू आवरेना. "येसूबाई, जपून! गडी पाय धरतील!"

"जिला हसायचंय तिनं पटांगणात यावं," तात्या म्हणाले. कुणी आलं नाही.

येसू रोज जाऊ लागली. आधी चार पावलांत दम तुटायचा. मग अर्धं पटांगण होऊ लागलं.

आणि एक दिवस पटांगणातच धोंडीला उबळ आली. कधी नव्हती एवढी मोठी. पोर निळी, मग काळी पडली. येसूच्या ओठावर किंकाळी आली होती.

"दम सोडू नकोस येसू!" तात्या ओरडले.

येसूनं किंकाळी गिळली. हुतूतू, हुतूतू म्हणत ती चालत राहिली. पोरीची छाती हलेना. येसूचे डोळे फिरले, आवाज बारीक झाला. तेवढ्यात पाणवठ्यावरच्या बाया घागरी टाकून धावल्या. दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं आणि तिच्या तुटत्या सुरात सूर मिळवला. असं म्हणतात की तेव्हा नदीचं पाणीही थबकून तोच सूर धरून बसलं. आणि रेघ ओलांडली तशी धोंडीनं एवढा मोठा श्वास घेतला, की देवळामागच्या पिंपळाची पानं तिच्याकडं वळली.

ती पोर नातवंडं-पतवंडं बघून गेली.

आजही बोरखडीत लेकरू वर्षाचं व्हायच्या आत आई त्याला उराशी बांधून पटांगणात येते. तात्यांचं नाव घेते आणि हुतूतू म्हणत रेघेकडं निघते. दोन्ही अंगांना गावातल्या बाया चालतात. आईचा दम तुटला तर त्या तिला धरतात, सूर पुढं नेतात आणि माय-लेकराला रेघेपार करतात. ह्या खेळात आई कधी बाद होत नाही. हा नियम तात्यांनीच घालून दिला, असं म्हणतात.